रीपरमध्ये बॅकिंग ट्रॅक टाकून लाईव्ह वाजवायचे असतील तर

आजकाल पार्टीला पाच-सहा वादक परवडतात तेवढेच, त्यामुळे व्हायोलिनचा सेक्शन, कोरस, ब्रास हे सगळं लॅपटॉपमधून सोडायचं आणि ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, गिटार लाईव्ह, अशी पद्धत पडलीय. बरेच जण त्यासाठी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतात कारण जुन्या लॅपटॉपवर पण चालतं, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि नंतरचं साधं लायसन्स ६० डॉलरला आहे. फाईल आत घेणं म्हणाल तर दोन सेकंदाचं काम, माऊसने ओढा आणि सोडा. पण स्टेजवर लॅपटॉपने स्वतःची अक्कल लावायची नसेल तर ओढायच्या आधी थोडी तयारी लागते, तेच सांगतो.

आधी फाईली. कोणाकडून ट्रॅक करून घेत असाल तर वेव (WAV) फाईल मागा, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट असेल तर उत्तम, ४४.१ असला तरी काही बिघडत नाही, फक्त सगळ्या फाईली एकाच रेटच्या असू द्या आणि इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढायचा साउंडकार्डचा डबा) पण त्याच रेटवर ठेवा. स्टेम्स, म्हणजे एकाच गाण्याचे सुटे भाग, वेगवेगळे मागत असाल (कोरस वेगळा, स्ट्रिंग्स वेगळ्या) तर एकच अट घाला, प्रत्येक स्टेम गाण्याच्या शून्यापासून एक्सपोर्ट कर, कोरस जरी दुसऱ्या मिनिटाला येत असला तरी. मग आत घेताना जुळवत बसावं लागत नाही. एमपीथ्री स्टेम्स शक्यतो नको, कारण एन्कोड करताना सुरुवातीला बारीकसा रिकामा तुकडा जोडला जातो आणि एखादा स्टेम केसभर मागेपुढे होतो. आणि व्हॉट्सअपवर आलेल्या एमपीथ्रीचं वेव केलं म्हणून तो चांगला वाजणार नाही, जे गेलं ते गेलं, फाईल फक्त जड होते.

आता रीपर उघडा, नवीन प्रोजेक्ट, आणि काहीही आत घ्यायच्या आधी सेव्ह अ‍ॅज करा. त्या खिडकीत खाली दोन टिका असतात, एक प्रोजेक्टसाठी वेगळा फोल्डर बनवायची आणि दुसरी सगळा मीडिया त्या फोल्डरमध्ये कॉपी करायची, दोन्ही करा. गाणी टाकून झाल्यावर परत एकदा असंच सेव्ह करा. हे नाही केलं तर फाईली डाउनलोड्समध्ये नाहीतर पेनड्राईव्हवरच राहतात, रीपर फक्त पत्ता लक्षात ठेवतो, आणि ऐन कार्यक्रमात पेनड्राईव्ह घरी असला की गाणं ऑफलाईन.

दुसरी गोष्ट ऑल्ट एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज. तिथे टाईमबेस नावाचं खातं आहे, ते मुळात बीट्सवर असतं, ते टाईमवर करा. बीट्सवर राहिलं आणि नंतर तुम्ही क्लिकसाठी (इअरफोनमध्ये लय देणारी टिकटिक) टेम्पो बदलला की आधी टाकलेली सगळी गाणी त्या हिशोबाने ताणली जातात नाहीतर आवळली जातात, आणि माणूस शोधत बसतो की आवाज असा विचित्र का येतोय.

मग फाईली ओढा. एकदम चार-पाच ओढल्या तर विचारेल की वेगवेगळ्या ट्रॅकवर टाकू का एकाच ट्रॅकवर मागोमाग. स्टेम्स असतील तर वेगवेगळ्या, आणि तयार मायनस वन (गायकाचा आवाज काढलेला अख्खा ट्रॅक) असतील तर एकाच ट्रॅकवर मागोमाग टाकून मध्ये अंतर सोडा. लेव्हल सारखी करताना मायनस वन नॉर्मलाइझ केले (आवाज आपोआप ठराविक लेव्हलला आणला) तर चालतील पण स्टेम्सना एकेकट्याने नॉर्मलाइझला हात लावू नका, कोरस आणि स्ट्रिंग्सचा आपसातला बॅलन्सच जातो.

पट्टी बदलायची असेल, म्हणजे ट्रॅक पांढरी दोनचा आहे आणि गायिकेला काळी एक हवीय, तर आयटम (टाइमलाईनवर टाकलेली फाईल) सिलेक्ट करून शिफ्ट ९, एक स्वर (सेमिटोन) खाली. शिफ्ट ० ने वर. ड्रम्सचा स्टेम वेगळा असेल तर तो सोडून बाकीचे सिलेक्ट करा, ढोलाची पट्टी बदलायचं कारण नाही. एक-दोन स्वरांपर्यंत बरं वाटतं, त्यापुढे कोरसवाले कार्टूनसारखे ऐकू यायला लागतात, तेव्हा ट्रॅकवाल्याकडूनच त्या पट्टीत करून घ्या. बदल पक्का झाला की ग्लू करून टाका, म्हणजे बदललेल्या आवाजाची नवी फाईल बनते आणि कार्यक्रमात लॅपटॉपला ती मेहनत नको.

क्लिकसाठी इन्सर्ट मेनूत क्लिक सोर्स आहे, तो वेगळ्या ट्रॅकवर टाका. त्या ट्रॅकच्या रूटिंगमध्ये मास्टर सेंडची टीक काढा, म्हणजे क्लिक मुख्य आवाजात जाणार नाही, आणि हार्डवेअर आउटपुट ३ द्या, तिथून ढोलकवाल्याच्या इअरफोनला. चार आउटपुटचा इंटरफेस नसेल तर ट्रॅक मोनो करून डाव्या बाजूला आणि क्लिक उजव्या बाजूला, असा जुना जुगाड आहेच, फक्त साउंडवाल्याला केबल दाखवून सांगा की उजवी मिक्सरला लावायची नाही. जुनी गाणी क्लिकवर रेकॉर्ड झालेली नसतात, लय पुढेमागे होते, तिथे सरळ क्लिक अर्ध्या गाण्यात सुटतो, त्यापेक्षा सुरुवातीला फक्त मोजणी द्या, केरवा असेल तर चार, दादरा असेल तर तीन तीन, आणि पुढे ट्रॅकच्या तालावर चला.

आता स्टेजवरची खरी सोय. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला, मोजणीच्या जरा आधी, कर्सर नेऊन एम दाबा, मार्कर पडतो. आधी सगळ्या गाण्यांचे मार्कर टाका म्हणजे पहिल्या दहा गाण्यांना १ ते १० नंबर मिळतात आणि कीबोर्डवर तो आकडा दाबला की कर्सर थेट तिथे जातो (दहाव्यासाठी ०). फर्माईश आली, सातवं गाणं तिसऱ्या नंबरला म्हणायचंय, ७ दाबा, स्पेस दाबा, झालं. त्यानंतर एसडब्ल्यूएस नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाका आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी शिफ्ट एम ने मार्कर टाकून त्याचं नाव !१०१६ ठेवा, आकडे अर्थात इंग्रजीत टाईप करायचे. प्लेहेड (वाजताना पुढे सरकणारी रेघ) तिथे पोचला की रीपर आपोआप थांबतो, पुढचं गाणं डोक्यावर येऊन आदळत नाही. एक ध्यानात ठेवा, थांबल्यावर कर्सर परत त्याच गाण्याच्या सुरुवातीला असतो, म्हणजे टाळ्या चालू असताना कोणाचा हात स्पेसला लागला तर तेच गाणं पुन्हा सुरू. त्यामुळे गाणं संपलं की लगेच पुढच्याचा आकडा दाबून ठेवायचा.

वायफाय बंद, विंडोजचे टिंगटाँग आवाज बंद, स्लीप बंद. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूं आवाज आला तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (घूं तोडणारा छोटा डबा) लावा, साउंडवाल्याकडे असतो, फक्त मागावा लागतो.