हिमालयात बर्फात जाताय? मग आधी उताराचा कोन मोजायला शिका

सह्याद्रीत मुरलेली मंडळी हिवाळ्यात हिमालयात निघाली की बूट, थर्मल, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) सगळ्याची चौकशी करतात, पण वरचा बर्फ कधी सुटेल, म्हणजे अव्हलांच (हिमस्खलन) कधी येईल, हे कोणीच विचारत नाही. लीडरच्या मागे ठरलेल्या वाटेने जाणार असाल तर निदान काय विचारायचं ते तरी कळावं, आणि गुलमर्गला अफरवट शिखराच्या मागच्या बाजूला स्की करायचं असेल किंवा मनालीच्या वर आपले आपणच जाणार असाल तर हे यायलाच पाहिजे.

सगळ्यात जीवघेणा प्रकार म्हणजे स्लॅब अव्हलांच. खाली कमकुवत थर असतो, त्यावर वाऱ्याने किंवा नवीन बर्फाने घट्ट थर बसतो आणि तो अख्खाच्या अख्खा सुटतो. हे बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं. बर्फ आत कसा आहे ते वरून दिसत नाही, पण कोन मोजता येतो, म्हणून मी सगळं त्याच्यावर ठरवतो. ट्रेकिंग किंवा स्कीचा पोल (काठी) उताराच्या दिशेने बर्फावर आडवा टाका, त्यावर मोबाईल ठेवा, कोन दाखवणारं ॲप उघडा, झालं. मोबाईल थंडीने मेला असेल तर सारख्या लांबीचे दोन पोल घ्या. एक सरळ उभा धरा, दुसऱ्याची मूठ त्याच्या बरोबर मध्यावर टेकवून तो चढाच्या बाजूला एकदम आडवा धरा. टोक बर्फाला जेमतेम टेकलं तर उतार साधारण 27 अंश, टोकाच्या आधीच बर्फ आडवा आला तर त्याहून जास्त. फक्त हे धोक्याच्या उतारावर उभं राहून करू नका, बाजूच्या छोट्या उतारावर करून नजर बसवा. मॅपवर उताराचा कोन दाखवणाऱ्या रंगांवर पूर्ण भरवसा नको, आपल्याकडच्या डेटात छोटे तीव्र टप्पे दिसतच नाहीत.

आणि कोन पायाखालचाच नाही, डोक्यावरचाही बघायचा! 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी बीआरओच्या (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संस्था) कॅम्पवर अव्हलांच आला, 54 कामगार अडकले, 8 जण गेले. ते काही उतार चढत नव्हते, कॅम्पमध्ये होते. त्यामुळे नाल्यात तंबू लावायचा नाही, तीव्र उताराखाली जेवायला बसायचं नाही.

आता हवामान. वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात हिमालयात बर्फ पाडणारी हवामानप्रणाली) येऊन गेला, रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी निळंशार आकाश, हा दिवस फोटोला भारी पण जायला सगळ्यात वाईट. 24 तासांत फूटभर बर्फ पडला असेल तर एक-दोन दिवस तीव्र उतारांपासून लांब राहा. वारा असेल तर बर्फ न पडताही धारेच्या आडोशाच्या बाजूला थर साचतात. थंडी खूप आणि बर्फ कमी असला की तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात, त्यांच्यावर काहीच धरत नाही, आणि उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर हा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. दुपारच्या उन्हात बर्फाचे गोळे आपोआप गडगडायला लागले तर निघा तिथून.

चालताना पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, पायापासून भेगा पळाल्या किंवा समोर ताजा अव्हलांच दिसला तर चर्चा नको, मागे फिरा. ओरडल्याने अव्हलांच येतो हे सिनेमातलं आहे, प्रत्यक्षात अडकणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांच्याच किंवा ग्रुपमधल्या कोणाच्या तरी वजनाने सुटलेला असतो. बर्फात खड्डा खणून थर किती धरतात याची टेस्ट करणं शिका जरूर, पण टेस्ट नापास झाली तर परत यायचं, पास झाली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही.

डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या डीजीआरई या विभागाचं अव्हलांच बुलेटिन निघतं, ते बघूनच निघा, पण ते अख्ख्या जिल्ह्याचं असतं, तुमच्या नाल्याचं नाही. आणि मोसमावर विसंबू नका, उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावरचा अव्हलांचचा अपघात 4 ऑक्टोबर 2022 चा, आणि त्यात गिर्यारोहणाचं ट्रेनिंग घेणारी मंडळी होती.

30 अंशांच्या वरचा उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. प्रत्येकाकडे बीकन (सिग्नल पाठवणारं आणि गाडल्या गेलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं पाहिजे, ग्रुपमध्ये एक सेट चालत नाही कारण तोच माणूस गाडला गेला तर? पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे, म्हणजे रेस्क्यू टीम येईपर्यंत वेळ संपलेली असते. शोधताना सगळ्यांचे बीकन सर्चवर, मोबाईल लांब. प्रोब लागला की तो तिथेच ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जा, वरून सरळ खाली नाही. चेहरा दिसला की आधी तोंड-नाक मोकळं करा, छातीवरचा बर्फ काढा, श्वास बघा, बाकी अंग नंतर.