पॉप-अप कॅम्पर सुधारायला घेताय? रंग राहू दे, आधी छताची गळती काढा

जुना पॉप-अप कॅम्पर विकत घेतला की लोक पहिलं काम काय करतात, तर कपाटांना पांढरा रंग. मग नवे पडदे, मग उशांची कव्हरं, मग फोटो. आणि वर छताच्या कडेतून पाणी आत मुरतंय, लाकूड कुजतंय, पुढच्या उन्हाळ्यात तोच रंग फुगून वर येतो. पावसाळ्याच्या तोंडावर कौलं परतायची सोडून भिंतीला रंग काढत बसण्यातला हा प्रकार आहे. मी मिशिगनमध्ये राहतो, बरीच वर्षं जुने पॉप-अप घेऊन दुरुस्त करतोय, स्वतःसाठी आणि मित्रांसाठीही, आणि माझं म्हणणं एकच आहे, आधी पाणी थांबवा, बाकी सगळं नंतर.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच की पॉप-अप म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, खाली चाकांवरची पेटी, वर कडक छत, मधे कापड. क्रँक फिरवला की छत वर जातं आणि दोन्ही बाजूंना पलंग बाहेर ओढायचे. वजनाला हलका, त्यामुळे मिनीव्हॅननेसुद्धा ओढता येतो (गाडीची टोइंग मर्यादा बघून), म्हणून आपल्या लोकांना परवडतो.

आता छत. याच पायरीने मला सगळ्यात जास्त घाम फोडलाय त्यामुळे इथे जरा सविस्तर सांगतो.

बाहेरून करायचं सगळं काम छत खाली असतानाच करा, बाजूला शिडी लावून. छतावर चढायचं नाही, ते माणसाचं वजन पेलायला बनवलेलंच नसतं. पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत, एक मधला व्हेंट (हवा खेळायचा झरोका), तो बहुतेक १४ बाय १४ इंचाचा असतो, आणि दुसरी म्हणजे कडेनं फिरलेली अॅल्युमिनियमची पट्टी. त्या पट्टीत स्क्रूंवर झाकायला एक व्हिनाइलची रबरासारखी दोरी घातलेली असते. ती उन्हानं आक्रसते, टोकाला बोटभर फट पडते, त्यातून पाणी स्क्रूपर्यंत जातं आणि स्क्रूच्या भोकातून लाकडात. इकडे थंडीत तेच पाणी गोठून फुगतं आणि भोक अजून मोठं करतं. बाहेरून काहीच दिसत नाही बरं का. म्हणून एक दाभण घ्या आणि छत वर करून आतून छताच्या कडेनं, कोपऱ्यांत, व्हेंटच्या चौकटीला टोचत जा. चांगलं लाकूड दाभणाला आत येऊ देत नाही, कुजलेलं ओल्या केकसारखं आत घेतं. कुबट वास येत असेल तर आधी तिथेच टोचा.

आणि मग येतं सिलिकॉन. आधीच्या मालकानं हमखास हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन आणून सगळीकडे फासलेलं असतं. यूट्यूबवरही हाच सल्ला, 'थोडं सिलिकॉन मारा, झालं.' कृपा करून हे करू नका. सिलिकॉन छताला नीट धरत नाही, गाडी रस्त्यावर हलली की एका कडेनं सुटतं, आणि सुटलेल्या कडेखाली पाणी अडकून राहतं. त्याहून वाईट म्हणजे त्याचा न दिसणारा थर मागे राहतो आणि त्यावर नंतर काहीही चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. त्यामुळे वरून अजून एक थर हा उपाय नाहीच, सगळं खरवडून काढणं हाच उपाय.

खरवडायला प्लास्टिकची ब्लेडं वापरा, लोखंडी ब्लेडनं छताला चरे पडतात. जुनं सीलंट कडक असेल तर धातूच्या छतावर हीट गन कमी आचेवर चालते, पण रबराच्या किंवा एबीएस प्लास्टिकच्या छतावर हीट गन अजिबात नको. रबराच्या छतावर मिनरल स्पिरिटसारखं पेट्रोलियमचं सॉल्व्हंटही लावू नका, रबर फुगतं. खरवडून झालं की आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, फडकं बदलत बदलत, एकाच फडक्यानं पुसत राहिलात तर तोच थर पसरवताय. मग तपासा, साधा मास्किंग टेप तिथे दाबून लावा आणि ओढा. सहज निघाला तर सिलिकॉन अजून आहे, परत खरवडा. कंटाळा येतो, हात भरून येतात, पण इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट.

व्हेंट पूर्ण उचला. वरच्यावर सीलंट थापून भागवणारे भेटतील, ऐकू नका, खालची जुनी सीलची पट्टी वाळून तुकडे झालेली असते. स्क्रू काढा, व्हेंट बाजूला ठेवा, उघड्या पडलेल्या लाकडाला एक-दोन दिवस कोरडं होऊ द्या. बोटाएवढी जागा मऊ असेल तर लाकडात मुरणारा इपॉक्सी चालेल, वीतभर असेल तर ते लाकूड कापून नवीनच बसवा. ढिल्या झालेल्या भोकांत गोंद लावून लाकडी खुंटी ठोका, वाळली की नवीन भोक, आणि स्क्रू स्टेनलेसचे.

मग व्हेंटच्या कडेच्या खाली ब्यूटाईल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी), सलग चारी बाजूंनी, कोपऱ्यात फट न ठेवता. गार पडलेला टेप कडक असतो त्यामुळे रीळ थोडा वेळ उन्हात ठेवा. स्क्रू हातानंच आवळा, ड्रिल मशीन नको, आणि समोरासमोरचे एकेक थोडे थोडे आवळत जा, कडेनं टेप सारखा बाहेर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत आवळा, कारण ब्यूटाईल हळूहळू दबतो आणि स्क्रू सैल पडतात. ही दुसऱ्या दिवसाची फेरी बहुतेक जण विसरतात आणि मग टेपला नावं ठेवतात. बाहेर आलेला टेप प्लास्टिकच्या सुरीनं कापून टाका, आणि आता स्क्रूंच्या डोक्यांवर आणि कडेवर लॅप सीलंट, म्हणजे छताच्या सांध्यांवर वरून लावायचं सीलंट. आडव्या जागेला सेल्फ-लेव्हलिंग, ते आपोआप पसरतं. उभ्या कडेला नॉन-सॅग, नाहीतर सगळं ओघळून खाली येईल. तुमचं छत कसलं आहे ते बघून ट्यूबवर ते लिहिलंय का वाचून घ्या. हवा ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सियस) वर असलेला कोरडा दिवस निवडा. काही तासांत वरून सुकल्यासारखं वाटतं, पण पूर्ण मुरायला महिनाही लागू शकतो.

कडेच्या पट्टीलाही हेच सगळं, आणि व्हिनाइलची दोरी नवीन घाला, ती अगदी स्वस्त मिळते. घालताना ताणू नका, सैलसर ढकलत न्या, ताणून घातलेली पुन्हा आक्रसणारच. आम्हाला इंडियानातलं एल्कहार्ट जवळ आहे, आरव्हीच्या, म्हणजे अशा फिरत्या घरांच्या धंद्याचं ते माहेरघर, तिथल्या सरप्लस दुकानांत व्हेंट, ट्रिम, कपाटांची दारं बऱ्याच कमी भावात मिळतात.

शेवटी पाण्याची नळी घ्या. आत एकजण टॉर्च घेऊन बसेल, दुसऱ्यानं खालून वर पाणी सोडत जायचं, एका जागी दहाएक मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी कुठून शिरलं ते कधीच कळणार नाही. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी घुसवतो.

एवढं झालं की बाकी सोपं आहे.

कापड कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुवा, ब्लीच नको, शिवणीचा दोरा खराब होतो. पूर्ण वाळल्यावर शिवणींना सीम सीलर. पावसात ओलं घडी घालावं लागलं तर घरी येऊन दिवस-दोन दिवसांत परत उघडा, नाहीतर बुरशी आलीच म्हणून समजा.

दिवे एलईडी करा. जुना ११४१ नंबरचा बल्ब १८ वॅटच्या आसपास खातो, एलईडी दोन-तीन वॅटमध्ये भागतो. लागला नाही तर होल्डरच्या दोन तारा अदलाबदल करून बघा, काहींना प्लस-मायनस बरोबर लागतं.

बॅटरी लिथियमची घ्यायची असेल तर आधी कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारं यंत्र) बघा. जुने १३.६ व्होल्टच्या आसपास देतात, लिथियमला पूर्ण भरायला १४.२ ते १४.६ लागतात, म्हणजे कन्व्हर्टरही बदलावा लागेल. शून्य सेल्सियसच्या खाली लिथियम चार्ज करू नका.

पलंगावर ऊन येतं त्यासाठी महागडी कव्हरं घ्यायची गरज नाही, चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट कापडावरून टाकून क्लिपा लावा. दुपारी आतला फरक लगेच जाणवतो, वाऱ्यात थोडा आवाज करतं एवढंच.

जाड मॅट्रेस टॉपर टाकायच्या आधी छत बंद करून बघा. जोर लावून लॅच लावायला लागत असेल तर छत वाकतं आणि आत्ताच केलेलं सील उघडतं. छतावर एसी बसवायचा विचारही छत उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता वाचल्याशिवाय करू नका, ३५-४० किलो त्या चार बारीक केबलांवर पडणार.

रंग आता खुशाल काढा. कपाटं बहुतेक कागद चढवलेल्या पार्टिकल बोर्डाची असतात, त्यामुळे हलकं घासून शेलॅकचा प्रायमर मारा आणि मगच रंग, नाहीतर नखानं सुटतो.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि गॅसचा डिटेक्टर काढून मागची तारीख वाचा, दोन्हीला मुदत असते. जुन्या कॅम्परमध्ये बहुतेक वेळा ती कधीच उलटून गेलेली असते आणि टेस्टचं बटण दाबलं तरी ते व्यवस्थित वाजतात, म्हणून वाजतोय म्हणजे चालतोय असं धरू नका, नवीन आणा आणि त्यानंतरच आत पोरांना झोपवा.