स्वतःचा टॅरो स्प्रेड बनवताय? या चुका टाळा

टॅरोची कार्डं ठरलेल्या जागांवर मांडतात आणि प्रत्येक जागेला आपला अर्थ असतो; या मांडणीलाच स्प्रेड म्हणतात. सेल्टिक क्रॉस नावाच्या स्प्रेडमधली नववी जागा ‘आशा आणि भीती’ची. तिथे टू ऑफ सोर्ड्स हे कार्ड पडलं, म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून दोन तलवारी छातीवर आडव्या धरून बसलेली बाई, तर ती आशा म्हणायची की भीती? मुरलेला रीडर दोन्ही अर्थ जुळवून घेतो. नवशिक्याची गाडी मात्र इथेच अडते आणि आपल्यालाच कार्डं कळत नाहीत असं त्याला वाटायला लागतं. गोंधळ जागेतच आहे, तिच्यात दोन प्रश्न कोंबलेले आहेत.

ही दहा कार्डांची मांडणी आर्थर एडवर्ड वेट यांच्या पुस्तकामुळे सगळीकडे पोहोचली. त्यांचा डेक, म्हणजे ७८ कार्डांचा संच, १९०९ मध्ये लंडनमध्ये निघाला, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आज दुकानात मिळणारे कितीतरी डेक त्याच वळणाचे असतात. मांडणी चांगलीच आहे, पण ‘नोकरी सोडू का?’ एवढंच विचारायचं असेल तर दहा कार्डं कशाला? चार पुरतात. फक्त ती चार जागांची मांडणी आपली आपण करायची म्हटली, की काही चुका हमखास होतात.

कार्ड बघून जागेचा अर्थ फिरवणं

सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. ‘अडथळा’ म्हणून ठरवलेल्या जागी टेन ऑफ कप्स येतं. वर इंद्रधनुष्य, खाली हात पसरून उभं जोडपं, बाजूला नाचणारी पोरं. लगेच मन म्हणतं, एवढं छान कार्ड अडथळा कसं असेल, ही जागा ‘मदत’ची धरू या. झालं, रीडिंग तिथेच संपलं! कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा कुठल्या बाजूची पाकळी पडली तर काय समजायचं, हे आधीच बोलून ठेवलेलं असतं. पाकळी पडल्यावर कुणी अट बदलत नाही. स्प्रेडलाही तोच नियम लावा. घरचं सगळं इतकं सुरळीत चाललंय की हलायची इच्छाच होत नाही, हा अडथळाच आहे की! न पटणाऱ्या कार्डाशी थोडं झटापट केल्यावर जे हाती लागतं, ते बहुतेक वेळा कामाचं असतं.

मग स्प्रेड लवचीक कसा ठेवायचा? वाकायची जागाही आधीच ठरवून. उदाहरणार्थ, ‘तिसऱ्या जागी मेजर अर्काना (डेकमधलं मोठं, स्वतःचं नाव असलेलं कार्ड) आलं तर त्याच्याखाली आणखी एक कार्ड, नाहीतर पुढे चला.’ ७८ पैकी मेजर २२, म्हणजे साधारण साडेतीन वेळांतून एकदा ही फांदी फुटेल. अट कागदावर लिहा आणि मगच पत्ते पिसा.

एकाच अर्थाच्या जागा

‘आव्हान’, ‘अडथळा’, ‘शिकवण’ अशी भारदस्त नावं शेजारी शेजारी लिहिली की स्प्रेड वजनदार दिसतो, पण तिन्ही ठिकाणी आपण तेच तेच बोलत बसतो. जागेला नाव देण्यापेक्षा सरळ प्रश्न लिहावा. नोकरीचंच घ्या:

१. इथेच राहिले तर रोज काय सोसावं लागेल?
२. सोडली तर आधी काय हातचं जाईल?
३. यात मला काय दिसत नाहीये?
४. या महिन्यात काय करता येईल?

आता तपासणी. एकच कार्ड मुद्दाम निवडा आणि चारही प्रश्नांवर ठेवून बघा. समजा सेव्हन ऑफ पेंटॅकल्स घेतलं, कुदळीवर रेलून वेलीवरच्या नाण्यांकडे बघणारा शेतकरी. पहिल्या जागी तो म्हणतो, फळ येईपर्यंत थांबायचा कंटाळा. दुसऱ्या जागी, इतकी वर्षं खपून जे पिकवलं त्यावर पाणी सोडावं लागेल. तिसऱ्या जागी, पीक अर्धंअधिक तयार झालंय हे लक्षातच आलेलं नाही. चौथ्या जागी, राजीनामा बाजूला ठेवून आधी हिशोब मांड. चार वेगळी उत्तरं आली, म्हणजे स्प्रेड चालेल. दोन जागांवर सारखंच वाक्य सुचलं तर त्यातली एक खोडा.

दर वेळी अख्खा डेक वापरणं

हे फारसं कुणी करून बघत नाही, पण मला फार आवडतं. डेकचे तीन गठ्ठे करा: २२ मेजर, १६ कोर्ट कार्डं, ४० आकड्यांची. ‘कोणाशी बोलावं?’ ही जागा असेल तर ती फक्त कोर्ट कार्डांतून काढा. पेज, नाइट, क्वीन, किंग ही माणसंच आहेत, त्यामुळे उत्तर पटकन सापडतं. ‘काय करता येईल?’साठी आकड्यांचा गठ्ठा घ्या. मात्र असे गठ्ठे केल्यावर ‘अरे, किती मेजर आली!’ म्हणून त्यात अर्थ शोधायचा नाही. ती आपणच वेगळी काढलेली असतात.

क्लॅरिफायरवर क्लॅरिफायर

क्लॅरिफायर म्हणजे खुलाशासाठी काढलेलं जादा कार्ड. एक कार्ड कळलं नाही म्हणून दुसरं, ते बोचलं म्हणून तिसरं. हात दाखवून अवलक्षण! अख्ख्या स्प्रेडला एकच जादा कार्ड, तेही आधी ठरवून. तरीही उलगडलं नाही तर प्रश्न नव्याने लिहायला घ्या. बहुतेक वेळा त्यात दोन प्रश्नांना जोडणारा ‘आणि’ सापडतो.

दुसऱ्याच्या मनात डोकावणाऱ्या जागा

‘तो माझ्याबद्दल काय विचार करतो?’ या जागेवर काहीही आलं तरी ते पडताळायचं कसं? ‘त्याच्या वागण्यातलं मी काय नजरेआड करतेय?’ असा प्रश्न केलात तर निदान बोलायला धागा मिळतो. टॅरो विचारांना चालना देतं, मनातलं वाचून दाखवत नाही. दुखण्यासाठी डॉक्टर आणि कोर्टाच्या तारखांसाठी वकील आहेतच.

मांडणीच्या आकारावर फार वेळ घालवू नका. हृदयाचा आकार फोटोत छान दिसतो, पण दोन पर्याय ताडून बघायचे असतील तर दोन उभे स्तंभच सोयीचे. राहिली उलटी कार्डं, म्हणजे चित्र डोकं खाली करून पडलेली. ती वाचायची की नाही, हेही पिसण्याआधी ठरवा, आणि वाचायची नसतील तर डेक आधी सरळ लावून घ्या.