'स'चा 'थ' होतो? बोबडेपणात या चुका टाळा

सातवीतला एक मुलगा शाळेच्या कॅन्टीनमध्ये रोज वडापावच घ्यायचा. आवडायचा त्याला समोसा. पण तोंडातून "थमोथा" निघणार आणि मागची रांग हसणार, म्हणून वडापाव. घरच्यांना हे कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. वाचा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करताना असे शब्द टाळणारी मुलं मला नेहमी भेटतात, आणि मनाला लागतं.

"मोठा झाला की सुटेल" हे अर्धंच खरं. चार-साडेचार वर्षांपर्यंत 'स' म्हणताना जीभ दातांमध्ये येणं नेहमीचंच. पुढचे दुधाचे दात पडल्यावरही काही दिवस तसं होतं. पण पाचनंतरही टिकलं तर दाखवून घ्या. 'स' म्हणताना हवा जिभेच्या कडांवरून गालाकडे निसटत असेल, उच्चार ओलसर, लाळेत भिजल्यासारखा येत असेल, तर पाचचीही वाट पाहू नका. हा प्रकार सहसा आपोआप जात नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळा दोष जिभेवर टाकणं. "जीभ जड आहे" म्हणून वेखंड उगाळून लावतात, नाहीतर जिभेखालचा पडदा कापायला निघतात. त्या पडद्यामुळे 'स' बिघडणं विरळाच. आधी कान तपासा. 'स' हा बारीक, उंच पट्टीचा आवाज. सारख्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की तो नीट ऐकूच येत नाही. अंगठा चोखल्याने पुढच्या दातांत पडलेली फट, अॅडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वाढल्याने तोंडाने श्वास घेणं, हीही कारणं असतात. आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही, जिभेला चुकीच्या जागेची सवय लागलेली असते, एवढंच.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती पाहुण्यांसमोरची "नीट बोल, म्हण सात!" ही उलटतपासणी. मुलाला स्वतःची चूक ऐकूच येत नसते. म्हणून सुरुवात कानापासून करा: साप-थाप, सर-थर, सोडा-थोडा. तुम्ही बोला, त्याने चित्राकडे बोट दाखवायचं. हे जमलं की आरसा घ्या. दात जवळ ठेवून "त-त-त" भरभर म्हणायला लावा आणि शेवटचा 'त' लांबवा, स्स्स. मराठीत 'चमचा', 'चाक' यांतला 'च' म्हणजे 'त' आणि 'स' यांची जोडीच. तो नीट येत असेल तर त्यातूनच 'स' ओढून काढता येतो. मग सा, सी, सू, मग शब्द, मग वाक्यं. थेट धडा वाचायला बसवू नका. "कच्चा पापड पक्का पापड"ही नको, त्यात 'स' एकदाही येत नाही! फुगे फुगवून, शिट्ट्या वाजवूनही उच्चार सुधारत नाही. रोजची दहा मिनिटं पुरतात, मात्र ती रोज हवीत.

कॉलेजातल्या मुलांनी "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नये. त्या वयातही 'स' बसतो, फक्त सवय मोडायला वेळ लागतो.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खासगीत जाणार असाल तर तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा. पहिल्या भेटीला जाताना मुलाच्या घरातल्या गप्पा दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून न्या. आमच्यासमोर मुलं फार जपून बोलतात, किंवा बोलतच नाहीत.