घटपर्णीला मटणही नको, शेणखतही नको

घटपर्णी ही कीटकभक्षी वेल घरी आणली की बेळगावकडची मंडळी बहुधा दोन चुका करतात: तुळशीप्रमाणे तिला शेणखत मिसळलेल्या मातीत लावतात आणि मुलांच्या हौसेखातर तिच्या सुरईत, म्हणजे कीटक अडकवणाऱ्या घटात, मटणाचा तुकडा टाकतात. वास्तविक ही वेल इतर वनस्पतींप्रमाणेच सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते. कीटकांपासून तिला मुख्यतः नत्र व स्फुरद मिळते, कारण तिच्या मूळच्या निकस जमिनीत ते पुरेसे नसते. त्यामुळे मटणाने सुरई कुजते आणि खताने मुळे जळतात. खानापूरची तांबडी किंवा निपाणीची काळी माती न वापरता, मीठ निघून जाईपर्यंत धुतलेले कोकोपीट, नारळाच्या सोडणाचे तुकडे व परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) एकत्र करून कुंडी भरावी आणि ती सकाळचे ऊन येईल अशा ठिकाणी टांगावी.

खरी अडचण पाण्याची असते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साचत जातात, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पागोळीचे पाणी पिंपात साठवून ठेवावे. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी मात्र सोडून द्यावे, कारण त्यात कौलांवरची धूळ असते. कुंडी सतत पाण्यात ठेवण्याचा सल्ला अमेरिकेतील दलदलीत वाढणाऱ्या सारासेनिया या दुसऱ्या कीटकभक्षी वनस्पतीसाठी योग्य आहे. घटपर्णीची मुळे तशाने कुजतात.

सुरईचे झाकण कीटक आत पडताच मिटते, हा समज इतका दृढ आहे की पाहुणे हमखास आत बोट घालून पाहतात. झाकण मिटत नाही. ते मुख्यतः पावसाचे पाणी अडवते, आणि कीटक निसरड्या काठावरून घसरून बुडतो. आतील द्रव पावसाचा नसून सुरई उघडण्यापूर्वीच वनस्पतीने स्रवलेला असतो, म्हणून तो ओतून टाकू नये. डासांचा बंदोबस्तही तिच्याकडून होत नाही. सापडतात त्या बहुधा मुंग्या, आणि काही जातींच्या डासांच्या अळ्या तर त्याच द्रवात सुखाने वाढतात!

सुरई हे फूल नव्हे, तो पानाच्या टोकाचा भाग आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात नव्या सुरया धरत नाहीत, तेव्हा ती उपाशी आहे असे न समजता कुंडी सावलीत, ओलाव्याच्या जागी हलवावी. जुनी सुरई वाळली तर तेवढीच कापावी, हिरवे पान राहू द्यावे.

भारतात निसर्गतः आढळणारी घटपर्णीची एकमेव जात मेघालयातील असून गारो लोक तिला ‘मेमांग कोक्सी’, म्हणजे सैतानाची टोपली, म्हणतात. ती कायद्याने संरक्षित असल्यामुळे जंगलातून उपटलेले रोप घेऊ नये, रोपवाटिकेत वाढवलेले संकरित रोपच निवडावे.