कॅम्पसचं वायफाय सर्टिफिकेटवर कसं जोडायचं: डोमेनची ओळ रिकामी सोडू नका

पावसाळ्यात नवी तुकडी आली की ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, खिडकीशेजारी माझं टेबल लागतं. सुरगाणा, पेठ, कळवण, निफाड अशा ठिकाणांहून आलेली मुलं फोन घेऊन रांगेत उभी राहतात आणि म्हणतात, "मॅडम, वायफायचा पासवर्ड सांगा ना." आमच्याकडे सांगण्यासारखा पासवर्डच नसतो. प्रत्येकाला स्वतःचं सर्टिफिकेट मिळतं. ते एकदा नीट बसवलं की मुदत संपेपर्यंत पुन्हा काही टाकावं लागत नाही.

मी मुलांना पासपोर्टवरून समजावते. पासपोर्टच्या पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात. विमानतळावरचा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. पासपोर्ट कोणी दिला आणि तो खरा आहे का, एवढं तो तपासतो. विद्यापीठाचा सर्व्हर तुमचं सर्टिफिकेट असंच तपासतो. आणि तुमच्या फोननेही सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासायचं असतं. ही दुसरी तपासणी बहुतेक जण वगळतात, म्हणून हे लिहायला बसले.

आधी फोनची तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' वर आहे ना ते बघा. वेळ चुकली असेल तर फोनला चालू सर्टिफिकेटही मुदतबाह्य वाटतं. स्क्रीन लॉक लावलेलं असू द्या. मग मोबाइल डेटावर विद्यापीठाच्या पोर्टलवरून स्वतःच्या लॉगिनने डॉट पी१२ फाइल उतरवा. सोबत दिसणारा फाइलचा पासवर्ड कागदावर लिहून घ्या.

या फाइलमध्ये तुमच्या सर्टिफिकेटबरोबर त्याची खासगी किल्लीही असते, म्हणजे ते सर्टिफिकेट तुमचंच आहे हे सिद्ध करणारा गुप्त कोड. गेल्या वर्षी एका मुलीने मैत्रिणीला मदत म्हणून ही फाइल वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. दोन दिवसांत तिच्या नावाने अकरा फोन जोडले गेले. सर्टिफिकेट रद्द करावं लागलं आणि परीक्षेच्या आठवड्यात ती स्वतःच नेटविना राहिली. तिचा हेतू चांगला होता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. फाइल कोणालाही देऊ नका, आणि बसवून झाली की डाउनलोड्समधून काढून टाका.

अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या सर्च पट्टीत 'सर्टिफिकेट' शोधा. प्रत्येक कंपनीने तो मेनू वेगळ्या जागी ठेवलाय, त्यामुळे शोधणंच सोपं. 'इन्स्टॉल अ सर्टिफिकेट' मध्ये तीन पर्याय दिसतील; त्यातला 'वाय-फाय सर्टिफिकेट' निवडा. 'व्हीपीएन अँड अॅप' वर बसवलं तर ते वायफायच्या यादीत दिसणारच नाही. रांगेतल्या निम्म्या तक्रारी याच असतात. पासवर्ड टाका, ओळखता येईल असं नाव द्या. विद्यापीठाने मूळ प्राधिकरणाचं (सर्टिफिकेटं देणाऱ्याचं, म्हणजेच 'सीए'चं) सर्टिफिकेट वेगळ्या फाइलमध्ये दिलं असेल, तर तेही इथेच बसवा.

आता वायफायच्या यादीत नेटवर्कवर बोट ठेवा. 'ईएपी मेथड' ला टीएलएस निवडा. 'सीए सर्टिफिकेट' आणि 'यूजर सर्टिफिकेट' या दोन्ही ठिकाणी आत्ता बसवलेलं नाव निवडा. 'आयडेंटिटी' मध्ये पोर्टलवर दिलेली ओळख अॅट चिन्हासह पूर्ण लिहा. 'डोमेन' मध्ये सर्व्हरचं नाव पोर्टलवर असेल तसंच, अक्षरन् अक्षर भरा.

डोमेनवर मी इतकी का अडून बसते? वायफायचं नाव कोणीही कशालाही देऊ शकतं. कॉलेज रोडवरच्या चहाच्या दुकानात बसून एखाद्याने आपल्या हॉटस्पॉटला कॅम्पसचंच नाव दिलं, तर फोन नाव ओळखून आपणहून जोडायला जातो. पासवर्डच्या पद्धतीत अशा वेळी पासवर्ड चोरीला जायची भीती असते. सर्टिफिकेटच्या पद्धतीत किल्ली फोनबाहेर जात नाही, म्हणून ती सुरक्षित राहते. पण सर्व्हर तपासला नसेल तर तुम्ही त्या खोट्या जाळ्यावर जोडले जाता आणि तुमची सगळी ये-जा त्याच्या हातून होते. सीए निवडला आणि डोमेन भरलं की फोन तिथेच नकार देतो. 'डू नॉट व्हॅलिडेट' हा पर्याय डिसेंबर २०२० च्या अपडेटमध्ये पिक्सेल फोनांमधून काढून टाकला गेला. तुमच्या फोनमध्ये तो अजून असला तरी त्याला हात लावू नका, वरच्या वर्गातल्या दादाने सांगितलं तरीही.

आयफोनचं काम लवकर होतं. पोर्टलवरून प्रोफाइल उतरवा, सेटिंग्जमध्ये 'जनरल' खाली 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' मध्ये जाऊन ते इन्स्टॉल करा. सर्व्हरचं नाव प्रोफाइलमध्येच असतं.

विंडोजवर फाइलवर दोनदा क्लिक करा, 'करंट यूजर' ठेवा, पासवर्ड द्या. किल्ली एक्स्पोर्ट करू देण्याच्या चौकटीत खूण करू नका. जोडताना 'कनेक्ट यूजिंग अ सर्टिफिकेट' निवडा. विंडोजने सर्व्हरबद्दल विचारलं, तर तपशील उघडून तिथला ठसा (सर्व्हरच्या सर्टिफिकेटची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ) पोर्टलवरच्या ठशाशी ताडून पाहा आणि मगच पुढे जा. लिनक्सवाल्यांची अडचण वेगळी: पासवर्ड बरोबर असूनही फाइल उघडत नाही. ती आरसी२ नावाच्या जुन्या सांकेतिक पद्धतीने बंद केलेली असते आणि लिनक्सवर अशा फाइली उघडणारं ओपनएसएसएल ३ हे सॉफ्टवेअर ती पद्धत आपणहून उघडत नाही. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसू नका, नव्या पद्धतीची फाइल मागून घ्या.

कॅम्पसवर एज्युरोम, म्हणजे शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय, असेल तर (भारतात ते अर्नेट इंडिया चालवते) दुसऱ्या सदस्य संस्थेतही हेच सर्टिफिकेट चालतं. तिथला सर्व्हर अॅट चिन्हानंतरचा भाग बघून चौकशी आपल्या विद्यापीठाकडे पाठवतो. आयडेंटिटीत तो भाग नसेल तर इथे कदाचित जोडलं जाईल, पण बाहेरगावी अडेल. म्हणून परिषदेला किंवा स्पर्धेला निघण्याआधी नेटवर्क 'फरगेट' करून एकदा पूर्ण ओळखीने जोडून बघा.

सर्टिफिकेटची मुदत कधी संपते ते फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आठवण पंधरा दिवस आधीची लावा. आणि एसटीत, सीबीएस बसस्थानकावर, कुठेही फोन हरवला तर त्याच दिवशी मदतकक्षाला कळवा. आम्ही फक्त त्या फोनचं सर्टिफिकेट रद्द करतो. लॅपटॉपसाठी वेगळं घेतलं असेल तर ते चालूच राहतं. म्हणून लॅपटॉपसाठी वेगळं मागा. फॉर्म एकच पानाचा आहे.