कपलर साफ केल्यावर सेल्फ लागत नसेल तर

पाऊस सरला की मराठवाड्यात बरीच मंडळी सोयाबीनच्या काढणीआधी पिकअपची किंवा ट्रॅक्टरची वायरिंग घरीच साफ करायला घेतात. काळ्या मातीचा वाळलेला थर निघतो, हिरवे पडलेले कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे जोड) घासले जातात आणि सगळे जागेवर बसवून किल्ली फिरवली, तर सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, गप्प. अशा वेळी बॅटरी किंवा सेल्फ बदलण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु सकाळी चालू असलेली गाडी दुपारी सुरू होत नसेल, तर मधल्या वेळेत जिथे जिथे आपला हात लागला तिथेच आधी दोष शोधावा.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, हेडलाइट लावावा आणि किल्ली फिरवताना दिव्याकडे लक्ष ठेवावे. दिवा पार मालवत असेल किंवा सेल्फजवळ नुसती टकटक होत असेल, तर दोष जाड केबलच्या वाटेवर, म्हणजे बॅटरीचे टर्मिनल किंवा अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-चासीशी जोडणी) यांत असण्याची शक्यता अधिक. दिवा जसाच्या तसा राहिला आणि आवाजही आला नाही, तर सोलेनॉइडपर्यंत, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचपर्यंत, किल्लीचा हुकूम नेणारी बारीक वायर तपासावी.

‘लाइट लागतो, म्हणजे बॅटरीचे कनेक्शन ठीक आहे’ हा समज फसवा आहे. हेडलाइटच्या एका बल्बला जेमतेम 5 अँपिअर लागतात, तर सेल्फ 100 ते 200 अँपिअर, आणि मोठ्या डिझेल इंजिनावर त्याहूनही अधिक ओढतो. टर्मिनलचे कडे बॅटरीच्या खांबावर अर्धवट टेकले असेल तर दिव्याचे भागते, सेल्फचे भागत नाही. सोलेनॉइड ओढला जातो, लगेच विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळून तो सुटतो, दाब सावरताच पुन्हा ओढला जातो. ती टकटक याचीच. म्हणून टर्मिनल काढून खांब आणि कड्याची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करावी, कडे तळापर्यंत बसवून 10 नंबरच्या पान्याने आवळावे आणि ग्रीस शेवटी वरून लावावे. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी साफसफाईत सुटली असेल तर तीही पाहावी.

मल्टिमीटर असेल तर काम सोपे होते. गाडी थांबून काही तास झाल्यावर चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ फिरू पाहत असताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिनाचे उघडे लोखंड यांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंग कच्चे आहे. मात्र सेल्फला प्रवाहच जात नसेल तर हा फरक शून्य दिसेल, आणि त्यावरून अर्थिंग चांगले आहे असा निष्कर्ष काढू नये.

गेल्या हंगामात परभणीत माझ्या पिकअपवर मी दोन तास बॅटरीतच गुंतलो होतो. दोष निघाला सोलेनॉइडच्या कपलरमध्ये. सुईने खरवडताना आतली पितळी पिन तिच्या खाचेतून सुटून मागे सरकली होती. बाहेरून कपलर ‘कट्’ आवाज करून व्यवस्थित बसत होता, पण आत पिनेला पिन लागतच नव्हती. म्हणून प्रत्येक कपलर उघडून सर्व पिना एकाच पातळीत आहेत का ते पाहावे आणि एकेक वायर मागून हलकेच ओढावी. रॉकेलने किंवा डिझेलने धुतले असेल तर तेलकट थर आणि त्यावर चिकटलेली माती काँटॅक्ट क्लीनरने काढून कपलर पूर्ण वाळू द्यावेत.

एवढ्यावर भागले नाही तर फ्यूज पाहावा आणि सेल्फचा रिले (किल्लीच्या हुकमावर प्रवाह जोडणारा छोटा स्विच) त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या रिलेशी बदलून पाहावा. बऱ्याच ट्रॅक्टरवर क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ लागत नाही. त्यासाठी बसवलेल्या सुरक्षा स्विचचा कपलर पायाजवळ असल्याने साफसफाईत तो हमखास निसटतो. कंटाळून सोलेनॉइडवर पेचकस आडवा लावण्याची आपल्याकडची रीत मात्र सोडावी, कारण तसे केल्याने हा स्विच टळतो आणि गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर चाकासमोर उभ्या माणसाच्या अंगावर येतो.

शेवटी टेस्ट लॅम्पचा चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावून टोक सोलेनॉइडच्या बारीक वायरीच्या पिनेवर धरावे आणि बाजूला उभे राहून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगावे. लॅम्प पेटला नाही, तर दोष किल्लीपासून इथपर्यंतच्या वाटेत आहे. तो लख्ख पेटला, जाड केबलच्या बोल्टवर त्याच वेळी 12 व्होल्ट मिळाले आणि तरीही सेल्फ हलला नाही, तरच निगेटिव्ह सोडवून सेल्फ उतरवायला घ्यावा.